स्ट्रिपनं मुरगूडचं ‘रगूड’ केलं

दूध संस्थेची सभासद यादी घ्या. दर ओळीत पत्ता, आणि पत्त्याच्या तोंडाला ‘मु. पो.’. तेवढं काढायचं आहे, बाकी काही नको. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नवी शिकणारं पोरगं एलस्ट्रिप (मजकुराच्या डाव्या टोकाची चिन्हं काढणारी आज्ञा) शोधतं, कंसात ‘मु. पो. ’ लिहितं आणि ‘मु. पो. कागल’वर चालवून बघतं. ‘कागल’ येतं. झालं काम! मग अख्खी यादी लावली की मुरगूडचं ‘रगूड’, मलकापूरचं ‘लकापूर’, पोर्लेचं ‘र्ले’, आणि पेठ वडगावातला प जाऊन नुसती मात्रा लोंबकळत राहते.

आणि वर त्या पोरालाच ऐकवायचं, ‘डॉक्युमेंटेशन वाचत नाहीस.’ अरे, वाचलं की त्यानं! हेल्प चालवलं तर एलस्ट्रिपबद्दल दोनच वाक्यं येतात: डाव्या बाजूची रिकामी जागा काढून प्रत मिळते, आणि अक्षरं दिली तर ती काढली जातात. दिलेला मजकूर सलग धरला जात नाही, त्यातलं प्रत्येक चिन्ह सुटं धरलं जातं, आणि संचाबाहेरचं पहिलं चिन्ह भेटेपर्यंत कापणी चालूच राहते, हे त्या दोन वाक्यांवरून नवख्याला कसं कळावं? म, उकार, टिंब, स्पेस, प, ओकार एवढा तो संच. कागलचा क त्यात नाही म्हणून कागल वाचलं, एवढंच. स्पष्ट इशारा आहे, पण तो वेबवरच्या पानात. पाहिजे होतं ते रिमूव्हप्रीफिक्स, दिलेला मजकूर सुरुवातीला सलग असेल तरच काढणारं. ते आलंय पायथनच्या ३.९ आवृत्तीत, २०२० साली. अजूनही जुन्या नोट्स वाटणाऱ्या क्लासांत त्याचं नाव निघत नाही, आणि पोरं राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत तेच एलस्ट्रिप घोकत बसतात.

बरं, वेबवरचं पान तरी सापडावं? ‘पायथन स्ट्रिंग’ (स्ट्रिंग म्हणजे मजकूर) शोधलं की स्ट्रिंग नावाच्या मॉड्यूलचं, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्याचं, पान पुढ्यात येतं. तिथं टेम्प्लेट आणि फॉरमॅटिंगची जंत्री. स्ट्रिप, स्प्लिट, रिप्लेस (टोकं कापणं, तुकडे करणं, बदलणं) राहतात वेगळ्याच पानावर, ‘बिल्ट-इन टाइप्स’मध्ये खाली एसटीआर, म्हणजे स्ट्रिंगच्या भागात. तिथं पोचलं की चौकटी कंस आणि तिरकी रेघ. चौकटी कंस म्हणजे ‘दिलं नाही तरी चालेल’, तिरकी रेघ म्हणजे ‘तिच्या आधीच्या गोष्टी नाव न लिहिता क्रमानं द्या’. फंक्शनच्या शेजारी हे कोण सांगतं? कोणीच नाही. पोरगं ते कंससुद्धा टाइप करतं, पायथनला स्ट्रिंगऐवजी लिस्ट (यादी) मिळते आणि टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची तक्रार, येतो.

‘प्रत मिळते’ या दोन शब्दांत तर सगळा जीव आहे. स्ट्रिंग जागेवर बदलत नाही. नुसतं नाव.स्ट्रिप() लिहिलं तर एरर नाही, इशारा नाही, आणि नाव होतं तसंच. नाव = नाव.स्ट्रिप() असंच लिहायचं. मजकुरात काही शोधणाऱ्या फाइंडचंही तेच दुखणं: सापडलं नाही तर उणे १, आणि अगदी सुरुवातीला सापडलं तर ०. इफच्या अटीत उणे १ खरं ठरतं आणि ० खोटं, म्हणजे उत्तर बरोब्बर उलटं. आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर इन वापरा, विषय संपला.

पण खरा संताप येतो तो इजअल्फाचा. फॉर्मवर नाव फक्त अक्षरांत आहे का, हे तपासायला सगळे हेच शिकवतात. ‘कमल’ दिलं की ट्रू. ‘सुनीता’ दिलं की फॉल्स! कारण इजअल्फा फक्त युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) ‘लेटर’ गटातली चिन्हं मानतं, आणि आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ‘मार्क’ गटात. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, हो, एलएम, एलटी, एलयू, एलएल, एलओ असल्या संक्षेपांत. त्यावरून सुनीताचं नाव नापास होणार हे ओळखायचं कुणी? काना-मात्रेशिवाय मराठी असते का कुठं? रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातला नमुना शोधायच्या भाषेतलं) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं चिन्ह’, तसंच. ‘कोल्हापूर’मधून शब्द काढायला सांगितला तर क, ल, ह, प, र असे पाच तुकडे हातात देतं. वेगळं बसवायचं रेजेक्स मॉड्यूल घेतलं तर अख्खा शब्द मिळतो, कारण ते मात्रांना शब्दाचा भाग धरतं. चिन्हं मोजणारं लेन तर ‘कोल्हापूर’ची लांबी ९ सांगतं, फाइलीत साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत तेच २७ बाइट. आपण म्हणतो चार अक्षरं. म्हणून ठरावीक लांबीपर्यंत रिकामी जागा भरणाऱ्या एलजस्टनं आखलेले रकाने मराठीत वाकडे होतात, आणि नावाचं आद्याक्षर काढायला पहिलं चिन्ह घेतलं की सुनीताचा नुसता ‘स’ उरतो.

आता कऱ्हाड. पडद्यावर दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या, तुलना केली की फॉल्स. एका कीबोर्डनं ऱ आणि हलन्त लिहिलाय, दुसऱ्यानं र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर (शून्य रुंदीचं जोडचिन्ह). तो रिकामी जागा मानला जात नाही, त्यामुळं स्ट्रिप त्याला हात लावत नाही. युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं) लावलं तर र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेलं ऱ जुळतं, पण हा जॉइनर तसाच बसून राहतो. शेतकऱ्यांच्या याद्यांत असली नावं भरपूर, आणि एकच माणूस दोनदा मोजला जातो. इलाज असा: आधी एनएफसी, मग रिप्लेसनं र, हलन्त आणि युनिकोड २००डी (तोच जॉइनर) या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. फाइल वाचल्या वाचल्या हे करून घ्यायचं, कुठल्याही तुलनेच्या आधी, आणि बदललेली स्ट्रिंग परत त्याच नावात ठेवायची.