सहा फ्रेम्सची सवलत आणि कच्चं लिंबू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘सेलेस्ट’ या उड्या मारत डोंगर चढायच्या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कडेवरून पाय सुटल्यावरही उडी मारू देणारा गेम खेळाडूला कच्चं लिंबू करून ठेवतो. ही सूट लपवून देणं म्हणजे फसवणूक. काँट्रा आणि पॅकमॅनच्या काळात असले लाड नव्हते, म्हणून तेव्हा जिंकण्यात मजा होती. आणि एवढी सूट असूनही तुमच्या घरी उडी वेळेवर लागत नाही ती नाहीच.

कच्च्या लिंबाला कोणी बाद करत नाही. सेलेस्टमध्ये पहिल्यांदा शिखर गाठणारा माणूस वाटेत शेकड्यांनी मरतो, कित्येक जण हजारांत जातात, आणि गेम प्रत्येक मरण मोजून समोर ठेवतो. तेव्हा हा गेम सोपा नाही हे आधी मान्य करू. प्रश्न एवढाच, की तो कुठली चूक पोटात घालतो आणि कुठली घालत नाही.

मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा गेम २०१८ मध्ये आला. मॅडलिनच्या, म्हणजे आपल्या पात्राच्या, हालचालीचा कोड त्यांनी स्वतःच गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला ठेवला आहे. त्यात कडा सुटल्यानंतरच्या सवलतीचा आकडा आहे ०.१ सेकंद. सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, धरल्या तर सहा फ्रेम्स. मॅडलिन सेकंदाला ९० पिक्सेल या वेगाने धावते, म्हणजे एवढ्या वेळात ती कडेपुढे ९ पिक्सेल जाते. गेममधली एक फरशी ८ पिक्सेलची आणि मॅडलिनची धडक-चौकटही (तिचा जेवढा भाग गेम टक्कर मोजायला धरतो तो) ८ पिक्सेल रुंद. म्हणजे सगळी सूट मिळून जेमतेम एका अंगाएवढी. तेवढ्यात ती खाली येते साडेचार पिक्सेल, आणि उडीचं बटण दाबताच खाली येण्याचा वेग पुसून वर जाण्याचा वेग दिला जातो. म्हणून डोळ्याला काही खटकत नाही.

आता ही सूट कोणाला मिळते ते पाहा. दरी रुंद असेल तर जास्तीत जास्त लांब जाण्यासाठी खेळाडू शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो. दोन फ्रेम्स आधी दाबलं तर उडी तीन पिक्सेल आखूड पडते, बस्स. पण सवलत नसती आणि दोन फ्रेम्स उशीर झाला असता, तर थेट मरण. जो बिचकून लवकर उडी मारतो त्याला या सवलतीची गरजच पडत नाही. गरज पडते ती नेमकी कडा साधायला जाणाऱ्याला, म्हणजे ज्याने अंदाज बरोबर बांधला, धाडस केलं आणि ज्याचं बोट एक-दोन फ्रेम्स मागे राहिलं, त्याला. माझ्या मते गेममधली मजा इथेच ठरते. आपण मेलो तर का मेलो हे आपल्याला पटलं पाहिजे. ‘मी तर दाबलं होतं!’ असं वाटून मेलेला माणूस चिडून गेम बंद करतो. ‘घाई केली’ असं वाटून मेलेला पुन्हा बटण दाबतो.

तुमच्या प्रतिक्रियेत कडेचा उल्लेख आहे, पण मला त्याहून सुंदर वाटते ती उडीच्या माथ्यावरची युक्ती. बटण दाबून धरलेलं असेल आणि वर-खाली जाण्याचा वेग सेकंदाला ४० पिक्सेलच्या आत असेल, तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, ९०० चं ४५०. एरवी माथ्यावरचा हा टप्पा सुमारे ०.०९ सेकंदात संपला असता, तो ०.१८ सेकंद टिकतो. बोलायला काहीच नाही, पण पुढे कुठे उतरायचं हे ठरवायला डोळ्यांना तेवढा अवकाश मिळतो. उडता उडता डोकं ठोकळ्याच्या कोपऱ्याला लागलं तर गेम तिला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर जाऊ देतो, तेही याच जातीचं. मात्र दिशा चुकली, हवेतली झेप चुकीच्या वेळी वापरली, भिंतीला धरून दम संपवला, तर कणभरही माफी नाही.

हे आकडे वाढवले की गेम बिघडतो, हे तुमच्या बाजूने सांगतो. ०.१ चं ०.२५ केलं तर मॅडलिन कडेपुढे साडेबावीस पिक्सेल, जवळजवळ तीन फरशा हवेत चालेल आणि ते ढळढळीत दिसेल. शिवाय ज्या दऱ्या ओलांडता येऊ नयेत म्हणून आखल्या त्या ओलांडता येतील, म्हणजे सगळे टप्पे पुन्हा आखणं आलं. स्वतः गेम बनवणारे आणखी एक चूक हमखास करतात : उडी मारल्यावर सवलतीचं घड्याळ शून्य करायला विसरतात. मग जमिनीवरून साधी उडी मारल्यावरही ते घड्याळ चालूच राहतं आणि चपळ बोटाला हवेत दुसरी उडी फुकट मिळते. तिला मात्र तुम्ही खुशाल लाड म्हणा.

जुन्या गेम्सचं म्हणाल, तर पॅकमॅनचंच उदाहरण घेऊ. १९८० सालच्या नामकोच्या या गेममध्ये वळणाच्या चौकटीचा मध्य गाठण्याआधीच जॉयस्टिकची काठी वळवली तर पॅकमॅन कोपरा तिरका कापतो आणि काही पिक्सेल वाचवतो. त्याच्या मागे लागणाऱ्या भुतांना हे करता येत नाही. मागे भूत लागलेलं असताना दर वळणावर अंतर थोडं वाढतं ते यामुळे. भुतं सतत पाठलागही करत नाहीत. पहिल्या टप्प्यात ती ७ सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद मागे लागतात, पुन्हा ७, पुन्हा २०, मग ५, २०, ५, आणि त्यानंतरच कायमची मागे लागतात. हा दम खायला दिलेला वेळ पडद्यावर कुठेही लिहिलेला नाही. तरी पॅकमॅनला कोणी लाडावलेला गेम म्हटलं नाही.

काँट्रात एक गोळी लागली की जीव गेला, हे खरं. पण पुढचा जीव तिथेच, त्याच पडद्यावर येतो आणि काही क्षण लुकलुकत असताना त्याला काही होत नाही. शिवाय ‘वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए’ हे टीव्ही गेमवर वाढलेल्या पिढीला पाढ्यासारखं पाठ होतं, कारण त्याने तीनाचे तीस जीव व्हायचे. तेव्हाही सूट होतीच, फक्त वेगळ्या दाराने यायची.

फसवणुकीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरच्या ‘फायर एम्ब्लेम’ या डावपेचांच्या गेममध्ये वार लागण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत लिहून येते. आतमध्ये मात्र एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी घेतली जाते. त्यामुळे लिहिलेले ९० टक्के प्रत्यक्षात ९८.१ होतात, ७५ चे ८७.७५ होतात आणि १० टक्क्यांचे उरतात २.१. माणसाला ‘नव्वद टक्के’ म्हणजे ‘लागणारच’ असं वाटतं, म्हणून हा आकडा त्या भावनेजवळ नेला, असं याचं समर्थन करतात. मला ते पटत नाही. ज्या गेममध्ये डोक्याने हिशोब करून चाल ठरवायची, तिथे हिशोबाचा आकडाच खोटा असू नये. सेलेस्टमध्ये कुठलाही आकडा छापून मोडलेला नाही. तिथे बोटाचा हेतू ओळखून त्याप्रमाणे वागलेलं आहे, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता तुमची उडी. मला दाट शंका आहे ती टीव्हीवर. चित्र सुधारण्याच्या प्रक्रिया चालू असल्या की काही टीव्ही चित्र १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा दाखवतात. तुम्ही पडद्यावर कडा पाहून बटण दाबता तेव्हा गेमच्या हिशोबात मॅडलिन सहा फ्रेम्स पुढे गेलेली असते. सगळी सवलत टीव्हीनेच खाल्ली! पिक्चर मोड ‘गेम’ करा. बहुतेक टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळी असते, म्हणून ज्या जोडणीवर गेम आहे तिच्यावरच जाऊन बदला. ब्लूटूथ हेडफोन असतील तर काढून ठेवा. त्यांनी उडी उशिरा लागत नाही, पण उडीचा आवाज उशिरा येतो आणि बोटाचा ताल चुकतो.

एवढं झालं की वेगळी सेव्ह फाइल उघडा. ती उघडतानाच असिस्ट मोड (गेम सोपा करून घ्यायची सोय) चालू करा आणि पॉज मेनूमधून गेमचा वेग ५० टक्क्यांवर आणा. आता सवलतीचे ०.१ सेकंद तुमच्या घड्याळात ०.२ झाले. पहिल्या प्रकरणातली एखादी सपाट कडा निवडा, सरळ धावत सुटा, आणि मागचा पाय कडेवरून सुटल्यावर मॅडलिन साधारण अर्धं अंग पुढे गेली की बटण दाबा. उडी लागेल. पुढच्या खेपेला पुरती दोन अंगं पुढे जाऊ द्या आणि मग दाबा. ती पडेल, आणि का पडली हे तुम्हाला त्याच क्षणी कळेल. नंतर वेग पुन्हा १०० टक्के करून तीच कडा दहा वेळा खेळा आणि किती वेळा जमलं ते इथे नक्की लिहा.