फोन लांबला म्हणून चिडताय? थोडे उशिरा चिडताय

फोनची विक्री पुढे ढकलली की लोक कंपनीवर तुटून पडतात. मला विचाराल तर राग यायला हवा तो घोषणेच्या दिवशी. बहुतेक वेळा फोन तयार नसतानाच स्टेजवरून तारीख सांगितलेली असते, पुढचं सगळं त्यातूनच होतं.

कारखान्यात फोन तीन टप्प्यांतून जातो. ईव्हीटीत (इंजिनिअरिंग व्हॅलिडेशन टेस्ट) सगळे सुटे भाग एकत्र बसतात का, चालतात का, एवढंच बघतात. डीव्हीटीत (डिझाइन व्हॅलिडेशन टेस्ट) पक्क्या साच्यातून निघालेली बॉडी आपटून, भिजवून, तापवून बघतात. पीव्हीटीत (प्रॉडक्शन व्हॅलिडेशन टेस्ट) खऱ्या असेंब्ली लाइनवर, खऱ्या वेगानं फोन बनवतात. हाताने जुळवलेल्या नमुन्यांत न दिसलेली भानगड इथे बाहेर येते. गोंद कमी-जास्त पडतो, काचेचा रंग प्रत्येक खेपेला वेगळा येतो, शंभरातले पास होणारे फोन हिशेबापेक्षा कमी भरतात. मग साचा दुरुस्त करा, नवे नमुने काढा, चाचण्या पहिल्यापासून करा. त्यात आठवडे जातात. 'एवढासा तर बदल' हे हार्डवेअरमध्ये नसतंच.

पांढरा आयफोन ४ आठवतोय? जून २०१० मध्ये काळा वेळेवर आला, पांढरा मात्र आधी जुलैवर, मग वर्षअखेरीवर, मग पुढच्या वसंत ऋतूवर गेला. मिळाला २८ एप्रिल २०११ ला. फरक म्हटलं तर रंगाचा. पण काळा रंग प्रकाश अडवतो आणि पांढऱ्यातून तो आरपार जातो, त्यामुळे काचेमागच्या सेन्सरचं गणित बदलतं. शिवाय अतिनील किरणांपासून पांढऱ्याला जास्त संरक्षण द्यावं लागलं. अडचण खरीच होती. पण तीनदा तारीख देऊन तीनदा मोडण्यापेक्षा 'तयार झाला की सांगू' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सॅमसंगच्या गॅलेक्सी फोल्ड या घडीच्या फोनचं प्रकरण याहून बोलकं आहे. २० फेब्रुवारी २०१९ ला घोषणा, विक्री २६ एप्रिलला ठरलेली. मधल्या काळात बार्सिलोनाच्या मोबाइल प्रदर्शनात फोन काचेच्या पेटीत ठेवलेला, हात लावायची सोय नाही. खरी बातमी तीच होती. एप्रिलमध्ये समीक्षकांच्या हातात पडला आणि काही दिवसांत स्क्रीन मरायला लागले. काहींनी वरचा प्लास्टिकचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलला, पण तो डिस्प्लेचाच भाग होता. बिजागरीच्या वरच्या-खालच्या टोकाला फट उघडी होती, तिथून कचरा आत जायचा. २२ एप्रिलला विक्री सुरू व्हायच्या आधीच पुढे ढकलली. सप्टेंबरमध्ये आलेल्या फोनमध्ये तो थर कडेच्या पट्टीखाली नेलेला, बिजागरीच्या टोकांना टोप्या, डिस्प्लेखाली धातूचे जादा थर. यातलं काहीच सॉफ्टवेअर अपडेटनं जमणारं नव्हतं. तेव्हा टिंगल झाली, पण थांबवणं बरोबरच होतं. त्याच कंपनीचा नोट ७ तारखेवर, १९ ऑगस्ट २०१६ ला, बाजारात आला आणि बॅटऱ्या पेटायला लागल्यावर दोन आठवड्यांत परत मागवावा लागला.

मग कंपन्या घाई का करतात? कधी प्रतिस्पर्ध्याच्या आधी झेंडा रोवायचा असतो, कधी गुंतवणूकदारांना काहीतरी दाखवायचं असतं. पहिला आयफोन जानेवारी २००७ मध्ये दाखवून जूनअखेर विकला, तेव्हा कारण वेगळं होतं. अमेरिकेत रेडिओ मंजुरीची कागदपत्रं उघड होतात, त्यामुळे गुपित तसंही फुटणार होतं. शिवाय बाजारात ॲपलचा जुना फोनच नव्हता, मग विक्री बुडणार कुणाची? आज ज्यांचा चालू फोन दुकानात आहे, त्यांनी नवा सहा महिने आधी दाखवला तर जुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

आता नवी खोड आहे फोन वेळेवर आणि फीचर उधारीवर. ॲपलने आयफोनमधल्या सिरी या बोलक्या मदतनिसाचं नवं रूप जून २०२४ मध्ये दाखवलं, त्याच्या जाहिराती करून फोन विकले आणि मार्च २०२५ मध्ये ते पुढे ढकललं. हे मला फोल्डपेक्षा वाईट वाटतं. फोल्ड निदान तेव्हा कुणाला विकला नव्हता.

घोषणा बघताना मी म्हणेन चार गोष्टी तपासा. पत्रकारांना फोन हातात दिला की फक्त फिरत्या टेबलावर ठेवला? वजन आणि बॅटरीची क्षमता आकड्यांत दिली आहे की गाळली? किंमत सांगितली का? तारीख दिवसासकट आहे की 'लवकरच', 'या तिमाहीत'? दोनांपेक्षा जास्त उत्तरं गोलमाल असतील तर डीव्हीटी अजून संपलेली नाही असं समजून चाला.

प्री-बुकिंग करायचंच असेल तर कार्डावरून पैसे आज कापणार की फोन निघाल्यावर, ते आधी वाचा. अमेरिकेत विक्रेत्याला मोठा उशीर होणार असेल तर ग्राहकाचा होकार घ्यावा लागतो, नाहीतर ऑर्डर रद्द करून पैसे परत. फोल्डच्या तिथल्या ग्राहकांना तसा ईमेलही गेला होता: ३१ मेपर्यंत फोन निघाला नाही आणि तुम्ही होकार कळवला नाहीत, तर ऑर्डर आपोआप रद्द. जिथे असा नियम नाही, तिथे रद्द करण्याच्या अटींचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. तारीख बदलली की ते पानही बदलू शकतं.