फळ्यावर एकच शब्द: पाणी

बारावीच्या जीवशास्त्राची उजळणी धड्यामागून धडा न घेता धडे एकमेकांत गुंफून करावी, असं एका लेखात वाचलं आणि अगदी पटलं. मी सोलापुरात शिकवणी घेते. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की फळ्याच्या मधोमध एकच शब्द लिहिते, पाणी. घाम गेला, रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढलं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळलं, पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे पाणी राखणारं हॉर्मोन सुटलं, किडनीच्या संग्राहक नलिकेत ॲक्वापोरिन, म्हणजे पेशीपटलातल्या पाण्याच्या वाटा, वाढल्या आणि ऑस्मॉसिसनं, म्हणजे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जात, पाणी परत रक्तात. हॉर्मोन, उत्सर्जन, पेशीपटल, सगळं एका दमात! मग विचारते, काळ्या रानातल्या ओलाव्यावर येणाऱ्या मालदांडी ज्वारीला कुठे किडनी आहे? मुलं आपणहून पर्णरंध्रांवर, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांवर येतात, तिथून ज्वारीच्या कमी पाण्यात भागवणाऱ्या सी-४ प्रकाशसंश्लेषणावर.

एक मात्र कळकळीनं सांगते, ही जोडणी मुलांनीच करायला हवी. तयार तक्ता हातात दिला की तोही पाठ करतात. दोन शब्द जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर क्रियापद लिहायला लावा : ‘सोडते’, ‘अडवते’, ‘उघडते’. जिथे क्रियापद सुचत नाही तिथे धडा कच्चा. मागच्या वर्षी एका मुलीला एडीएच आणि किडनीमधल्या बाणावर काय लिहावं तेच सुचेना. त्या दिवशी आम्ही नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली सूक्ष्म गाळणनळी, पुन्हा पहिल्यापासून केला.