तंबोरा पुढं आणा

बातमीत दिलेला आपल्या सांगलीच्या सायकेडेलिक रॉक (गुंगवून टाकणाऱ्या आवाजांचं रॉक संगीत) बँडचा नवा व्हिडिओ हेडफोन लावून पाहिला. आयर्विन पुलाच्या दृश्यांवर तेल आणि रंगीत पाण्याचे ओघळ सोडलेत, ते फार आवडलं. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत काचेच्या ताटलीत तेल-पाणी हलवून प्रोजेक्टरनं असेच रंग पडद्यावर पाडायचे. गिटारही झकास.

पण तंबोरा मिक्समध्ये पार दाबलाय, याचं मनापासून वाईट वाटलं. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय! जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झंकार, नीट लागली की एकेका तारेतून किती स्वर उठतात. या संगीताला तेच तर हवं असतं. पुढच्या गाण्यात सुरुवातीला मिनिटभर नुसता तंबोराच वाजू द्या, पोरांनो. ड्रम मागून येऊ देत.