कन्सल्टन्सीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही? हिशेब नीट मांडू

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘कन्सल्टन्सी फर्मला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको. परदेशी क्लायंटचं बिल त्यात धरत नाहीत. ४४एडीए घेतलं असेल तर निम्मीच रक्कम मोजायची. पण परराज्यात एक जरी बिल केलं तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची.’ चार वाक्यं, चारही चुकीची. पहिली तीन माणसाला गाफील ठेवतात, चौथं उगाच घाबरवतं.

४० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आली ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी. सल्ला हा माल नव्हे. सेवांसाठी मर्यादा २० लाखच आहे. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरात १० लाख.

परदेशी बिलाची गफलत सर्वांत महागात पडते. परदेशी क्लायंटला दिलेली सेवा म्हणजे निर्यात. तिच्यावर कराचा दर शून्य, म्हणून ती रक्कम उलाढालीतही शून्य, असं लोक धरून चालतात. कायद्यातली एकूण उलाढाल एका पॅनवरची, देशभरातली असते. तिच्यात करपात्र, करमुक्त आणि निर्यात असं सगळं येतं. समजा, एखाद्या प्रोप्रायटरची भारतातली फी ९ लाख, दुबईच्या क्लायंटची ८ लाख आणि स्वतःच्या गाळ्याचं भाडं ४ लाख. झाले २१ लाख, नोंदणी लागली. (नोकरीचा पगार मात्र यात धरायचा नाही.) नोंदणीनंतर दरवर्षी जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी (हमीपत्र) भरलं की निर्यातीचं बिल कर न लावता करता येतं. ते राहिलं तर आधी आयजीएसटी (परराज्य आणि निर्यात व्यवहारांवरचा जीएसटी) भरा, मग परताव्यामागे फिरा.

४४एडीए ही प्राप्तिकरातली सोय. तिथे जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा मानतात. जीएसटीला नफ्याशी देणंघेणं नाही, तो बिलाची पूर्ण रक्कम पाहतो. शिवाय एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) ही सोय मिळतच नाही, आणि कन्सल्टन्सी फर्म म्हणून अनेकांनी एलएलपीच काढलेली असते.

परराज्याचं वाक्य जीएसटी कायद्यातलं सक्तीच्या नोंदणीचं मूळ कलम २४ वाचून लिहिलेलं दिसतं. पण १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना त्यातून सूट दिली. पुण्यात बसून बंगळुरूच्या कंपनीला बिल केलं तरी २० लाखांपर्यंत नोंदणी नको. खरी सक्ती येते ती वेगळ्याच दाराने: परदेशातल्या सब-कन्सल्टंटकडून कामासाठी सेवा घेतली, तर रिव्हर्स चार्जने कर आपण भरायचा असतो आणि त्यासाठी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हे त्या मजकुरात नाही.

मर्यादा ओलांडली त्या दिवसापासून ३० दिवसांत आरईजी-०१ या फॉर्ममध्ये नोंदणीचा अर्ज करायचा. सरकारी शुल्क नाही. मुदतीत केला तर नोंदणी मर्यादा ओलांडल्याच्या तारखेपासून लागू होते, आणि मधल्या काळातल्या बिलांच्या जागी प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्याभरात सुधारित बिलं देता येतात. उशीर केला तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून, पण कराचं देणं मात्र आधीपासूनचं. समजा, मधल्या काळात ३ लाखांची बिलं झाली, तर त्यांवर १८ टक्क्यांनी ५४,००० रुपये होतात. क्लायंट ते नंतर देईलच असं नाही, कारण त्याला त्या कराचं क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून वजावट) मिळण्याची खात्री नसते. वर व्याज आणि दंड.

अर्ज अडकतो तो बहुधा पत्त्यावर. घरूनच काम चालत असेल आणि वीजबिल वडिलांच्या नावावर असेल, तर बिलासोबत त्यांचं संमतिपत्रही जोडा. अधिकाऱ्याची शंका आरईजी-०३ या नोटिशीत आली तर आरईजी-०४ मधलं उत्तर सात कामकाजाच्या दिवसांत जायला हवं, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. त्या नोटिशीचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो, म्हणून अर्ज केल्यावर पोर्टलवर रोज डोकवा.