आपल्याकडे माल्टोडेक्स्ट्रिन आहे का?

बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू मी आयुष्याची पहिली अठ्ठेचाळीस वर्षं वाचली नव्हती. आतलं संपवायला मागचं वाचावं लागत नाही, एवढं साधं कारण. मग कन्या सुट्टीत घरी आली आणि तिने माझा सुखातला जीव दुःखात घातला.

"बाबा, सोपी परीक्षा आहे. यादीतला एखादा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसतो असा निघाला, की समजायचं अल्ट्रा-प्रोसेस्ड."

हे खूळ मूळचं तिचं नव्हे. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये अन्नाची नवी वर्गवारी मांडली. तिला 'नोव्हा' म्हणतात. पहिल्या गटात फळं, धान्य, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर. तिसऱ्यात या दोघांच्या संसारातून जन्मलेली चीजसारखी मंडळी. आणि चौथा गट अल्ट्रा-प्रोसेस्डचा: धान्याचे, तेलबियांचे कारखान्यात सुटे भाग करायचे, त्यांच्यावर रासायनिक संस्कार करायचे, मग रंग-वास लावून पुन्हा जोडायचे. मी कपाट उघडून पाहिलं. सगळा वर्ग चौथीतच बसला होता.

एका पुड्याच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन निघालं, म्हणजे स्टार्चपासून काढलेली पूड. तो पुडा घेऊन मी बायकोकडे गेलो.

"अगं, आपल्याकडे माल्टोडेक्स्ट्रिन आहे का?"

"कालच संपलं," ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "मिठाच्या बरणीमागे बघा, नाहीतर शेजारी मागा वाटीभर."

"आणि 471?"

"तो कुठल्या बसचा नंबर?"

471 म्हणजे मोनो- आणि डायग्लिसराइड. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांचं जमवून देणारा मध्यस्थ. लेसिथिन, म्हणजे 322, हा त्याच धंद्यातला. 621 चव वाढवतो. या नंबरवाल्यांना सरसकट विष म्हणायची माझी तयारी नाही. लिंबात असतं ते सायट्रिक आम्लसुद्धा पाकिटावर 330 म्हणून हिंडतं. माझी तक्रार एवढीच, की जेवायला बसलेल्या माणसाला कैद्यांची हजेरी का घ्यायला लावता?

तरी घेतली. भिंग घेऊन सुपरमार्केटात गेलो. पुढच्या बाजूला 'मल्टिग्रेन' हे अक्षर दहा पावलांवरून वाचता येतं. मागच्या बाजूला ते धान्य किती टक्के आहे, हे मुंगीच्या मापाचं, तेही चकचकीत कागदावर, नेमकं जिथे दिवा चमकतो तिथे. पाकीट वाकडं करत, मान वाकडी करत मी तिथे अर्धा तास उभा होतो. सुरक्षारक्षक दोनदा येऊन बघून गेला.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, असा बहुतेक देशांत नियम आहे. म्हणजे साखर जास्त असेल तर ती पहिली यायला हवी. पण इथे पहिलं पीठ आणि साखर मुकाट्याने तिसरी. म्हटलं, वा! मग खाली वाचत गेलो. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. साखरेच्याच घरातली भावंडं वेगवेगळ्या आडनावांनी रांगेत उभी. सगळ्यांनी एकत्र शिधापत्रिका काढली असती तर पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला भिंग लागलं नसतं. चिली देशाने 2016 पासून यावर इलाज केला. साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर असली की पाकिटाच्या तोंडावरच काळा अष्टकोनी शिक्का. तिथल्या लोकांची मान तरी सरळ राहिली असेल.

चिप्सच्या कप्प्यापाशी मी अंमळ रेंगाळलो. डब्यात एकावर एक रचलेल्या, सगळ्या एका मापाच्या त्या चकत्या कुठल्याच बटाट्याला जमणार नाहीत. यावरून ब्रिटनमध्ये खटलाच झाला होता. तिथे बटाट्याच्या चिप्सवर कर आहे, केकवर नाही. तेव्हा प्रिंगल्सच्या कंपनीने सांगितलं, की आमच्या मालात बटाटा जेमतेम 42 टक्के, बाकी पीठ, तेल, स्टार्च. याला बटाट्याची चिप कशी म्हणता? कोर्टात चक्क 'बटाटेपणा'वर खल झाला. 2008 मध्ये कंपनी जिंकली, 2009 मध्ये वरच्या कोर्टाने तिला कर भरायला लावला. जाहिरातीत छाती फुगवून सांगायचं आणि कर भरायची वेळ आली की आमच्यात विशेष काही नाही म्हणायचं, हा विनय मला फार आवडला.

मी काहीही न घेता बाहेर पडलो, असं सांगायला आवडलं असतं. पिशवीत दोन पाकिटं होती. संशोधनासाठी.

"तुमच्यात निर्धारच नाही," बायको म्हणाली. ते मला लागलं. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर संशोधन-रुग्णालयात ठेवून जेवू घातलं होतं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, दोन आठवडे साधं; ताटातल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ सारखंच, हवं तेवढं खा. चौथीवाल्या ताटावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. 2019 साली हे छापून आलं. त्या वीसच्या वीस जणांचा निर्धार सुट्टीवर गेला होता काय? मी हा मुद्दा मांडला तेव्हा माझ्या तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे त्याचं वजन कमी झालं.

शिवाय पळून जाणार कुठे? नेस्लेने 2010 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेंहून ॲमेझॉन नदीत तरंगतं सुपरमार्केट सोडलं होतं. जिथे रस्ता नाही अशा काठावरच्या वस्त्यांपर्यंत चॉकलेट आणि दूधपावडर घेऊन बोट जायची. काही वर्षांनी ती बंद झाली, पण माणसं तोवर चवीला लागली असणारच. आणि सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसने 1985 मध्ये जनरल फूड्स आणि 1988 मध्ये क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपन्या विकत घेतल्या, म्हणजे सवय या विषयातले जाणकार कित्येक वर्षं किराणा मालाचा कारभार बघत होते. एका बाजूला हे सगळे, दुसऱ्या बाजूला मी आणि माझं भिंग.

रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला नाही. चिप्सचं पाकीट कात्रीने कापलं, फाडल्यावर आवाज होतो. पण खरा प्रश्न पुढे होता. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून चिप्स खायला दिल्या होत्या. कुरकुर मोठी ऐकू आली की तीच चिप जास्त ताजी लागायची. म्हणजे हा आवाजही मालाचाच भाग. आमची शयनगृहाची भिंत पातळ आहे. मी चिप जिभेवर ठेवली, तोंड मिटलं आणि चावायचं नाही असं ठरवून उभा राहिलो. दहा-बारा सेकंदांत ती विरघळली. गायबच! दात लावलेच नाहीत, म्हणजे खाल्लं असं तरी कसं म्हणायचं? दुसरी ठेवली. तिसरी. अंधारात, ध्यानाला बसल्यासारखा, एकही आवाज न करता मी पाकिटाच्या मध्यापलीकडे पोचलो आणि दिवा लागला.

"तुला ऐकू कसं आलं?" मी थक्क होऊन विचारलं.

"ऐकू यायचं बंद झालं म्हणून उठले. इतका वेळ तुम्ही घोरत होतात."

तिने पाकीट काढून घेतलं, ओट्यावरचं भिंग उचललं आणि मागची बाजू दिव्याखाली धरली. बराच वेळ वाचत होती.

"इथे लिहिलंय, या पाकिटात तीन माणसांचा वाटा आहे," ती स्टूल ओढत म्हणाली. "तुमचे दोन झाले. सरका."