थंडावा ही चव आहे का?

कॅलिफोर्नियाच्या प्रपोझिशन ३१ या सार्वमताचं कौतुक बऱ्याचदा वाचायला मिळतं. ८ नोव्हेंबर २०२२ ला मतदान झालं, ६३ टक्के लोकांनी फ्लेवरवाल्या तंबाखूच्या विक्रीबंदीला होकार दिला. छानच. पण माझ्या मते मतदान हा त्यातला सोपा भाग. खरी मारामारी व्याख्येवर झाली, आणि पहिली फेरी कंपन्यांनी जिंकली.

मुळात कायदा ऑगस्ट २०२० मध्येच झाला होता, १ जानेवारी २०२१ पासून लागू व्हायचा होता. कायद्यावर मतदान घ्या म्हणून तंबाखू कंपन्यांनी ९० दिवसांच्या मुदतीत सह्या जमवल्या (वैध सह्या तेव्हा लागत होत्या ६,२३,२१२) आणि सह्या पुरेशा ठरल्या की तिकडे कायदा मतदान होईपर्यंत थांबतो. म्हणजे मतदानात हरूनही जवळपास दोन वर्षांची विक्री पदरात पडली. त्यात मतपत्रिकेची गंमत अशी की मतदान मागितलं कंपन्यांनी, पण प्रश्न होता ‘कायदा ठेवायचा का?’ बंदी हवी असेल तर ‘होय’. 

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली आणि २१ डिसेंबर २०२२ ला बंदी लागू झाली. दंड दुकानदाराला, मूळ कायद्यात एका उल्लंघनाला २५० डॉलर. ओढणाऱ्याला काही नाही. हे योग्यच. सूट मात्र खटकते: हुक्क्याची तंबाखू (फक्त २१ वर्षांवरच्यांनाच आत सोडणाऱ्या दुकानांत), पाइपची सुटी तंबाखू, आणि घाऊक किंमत १२ डॉलर किंवा जास्त असलेले सिगार. महाग असेल तर फ्लेवर चालतो, असा याचा अर्थ.

आता व्याख्या. कायद्यात लिहिलं होतं, तंबाखूखेरीज दुसरी ओळखू येणारी ‘चव किंवा वास’. मेंथॉलची, म्हणजे पुदिन्याच्या गार अर्काची, खरी करामत चवीत नाही. थंडी ओळखणारा आपल्या शरीरातला रिसेप्टर, टीआरपीएम-८, तो चालू करतं. धूर गरमच असतो, पण घसा गार पडल्यासारखा वाटतो, खवखव दबते आणि नवख्यालाही खोल झुरका जमतो. हेच काम डब्ल्यूएस-३ नावाचं रसायन करतं, आणि त्याला पुदिन्याचा वास जवळजवळ नसतोच. बंदीनंतर बाजारात ‘नॉन-मेंथॉल’ सिगारेटी आल्या. तपासणीत काहींमध्ये हे सापडलं. चव नाही, वास नाही, गारवा मात्र तोच! सरकारला २०२३ मध्ये नोटिसा काढाव्या लागल्या, आणि २०२४ च्या दुरुस्तीत मेंथॉलसारखा थंडावाही व्याख्येत घातला गेला. त्याच दुरुस्तीतली मोठी गोष्ट म्हणजे फ्लेवर नसलेल्या मालाची सरकारी यादी. यादीत नाव नाही तर तो माल फ्लेवरवालाच धरायचा. आधी सरकारने सिद्ध करायचं होतं, आता कंपनीने.

आपल्याकडे गाडं नेमकं उलटं आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी बंद झाली. मतदान नाही, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३०(२)(अ) खाली आयुक्तांचा आदेश. शब्द मात्र पक्के: खर्रा असो वा गुटखा, ‘कोणत्याही नावाने’. शब्दांची पळवाट नाही, म्हणून माल सरळ परराज्यातून येतो. शिवाय पानठेल्यावर सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या कागदात घालून समोर घोटून देतात. त्या खर्‍र्‍यावर ना लेबल, ना कंपनी. नोटीस पाठवणार कुणाला? आणि आदेश एका वर्षाचा. दरवर्षी नवा काढायचा.

तिकडे कौल भक्कम आणि शब्द सुरुवातीला ढिले, इकडे शब्द भक्कम आणि आदेशाला वर्षाची मुदत. निवडच करायची तर मी यादीची पद्धत उचलेन. टपरीवर धाड घालणाऱ्या निरीक्षकाला पुडी हुंगत बसायला नको, नाव यादीत आहे की नाही एवढंच बघायचं.